गळ, पाग, रापण : गालीलच्या काठाकाठाने

सोमवार : शेख हुसेन पूल, बेथ-शान, तिबेरियास

उत्तन-वसईकडून पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेल्या जथ्यात बहुतेकांच्या बॅगा जपमाळा आणि ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणायला अर्ध्या रिकाम्या होत्या. मामांचा हेतू वेगळा. आईचे हे धाकटे भाऊ आयुष्यभर डोलीवर, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याने मासे धरायला गेले. आता बोट मुलाच्या हाती दिली आहे, पण समुद्र डोक्यातून गेलेला नाही. येशूचा शिष्य पेत्र कोळी होता हे ते लहानपणापासून ऐकत आले, पण तो कसल्या जाळ्याने मासे मारायचा हे त्यांना कोणत्याच फादरने सांगितलं नव्हतं. ते बघायचं म्हणून ते आले. मी त्यांच्यासोबत आलो तो बॅगा उचलायला आणि पाट्या वाचून दाखवायला.

अम्मानहून निघून शेख हुसेन पुलावर तपासणीत बराच वेळ गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पलीकडे गेल्यावर पहिला मुक्काम बेथ-शान. बायबलमधल्या शौल राजाचं प्रेत जिथल्या तटावर टांगलं तेच हे गाव, पण आज दिसतं ते रोमन काळातलं स्किथोपोलिस : खांबांचा रस्ता, नाट्यगृह, आणि 749 सालच्या भूकंपात एका दिशेला आडवे झालेले स्तंभ. गाइड इथे तासभर बोलला. आमच्या कामाची गोष्ट त्याने जाता जाता सांगितली : हे गाव तागाच्या कापडासाठी रोमन जगात नावाजलेलं होतं. डायोक्लेशियन बादशहाने 301 साली वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यात इथल्या तागाच्या कापडाचा दर्जा सगळ्यात वरचा धरला आहे. हा ताग म्हणजे आपला गोणपाटाचा नव्हे, जवसाच्या झाडाचा. गालीलची जाळी याच झाडाच्या सुताची.

मामांनी लगेच विचारलं, "जवसाचं सूत पाण्यात किती दिवस टिकतं?" गाइडला सांगता येईना. मामांनी स्वतःच उत्तर दिलं. नायलॉन यायच्या आधी त्यांच्या वडिलांची जाळी सुताची असायची. भिजलेली ठेवली की कुजायची, म्हणून मासेमारीपेक्षा जास्त वेळ जाळी वाळवण्यात जायचा. पुढच्या सगळ्या दिवसांत बायबलमधला जो जो उतारा निघाला त्यात कोणीतरी जाळं धूत, वाळवत किंवा तुणत, म्हणजे दुरुस्त करत बसलेलं होतं. ही माहिती आधीच हातात आली हे बरं झालं.

संध्याकाळी तिबेरियास. हेरोद अंतिपाने सुमारे 20 साली वसवलेलं, समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून खाली असलेलं गाव. समोर पसरलेलं गालीलच्या समुद्राचं पाणी गोडं आहे. नाव समुद्र, प्रत्यक्षात साधारण 21 किलोमीटर लांब आणि 13 किलोमीटर रुंद सरोवर. मामांनी काठावर उतरून तोंडात पाणी घेऊन बघितलं आणि म्हणाले, "भरती-ओहोटी नाही. इथे डोल लागणार नाही." डोलीचं तोंड उघडं राहतं ते भरतीच्या ओढीने, ती ओढच इथे नाही. म्हणजे त्यांच्या अर्ध्या आयुष्याची विद्या पहिल्याच संध्याकाळी बाद. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट ते खूश झाले. अनोळखी पाणी बघितलं की कोळी खूश होतो.

जेवणानंतर फिरताना मी त्यांना तल्मूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातला एक नियम सांगितला, तो मी निघण्याआधी वाचून ठेवला होता. यहोशवाने जमीन वाटताना घातलेल्या अटींमध्ये एक अशी : तिबेरियासच्या समुद्रात गळ टाकून मासे धरायची मुभा सगळ्यांना आहे, पण पाण्यात आडवा कूड घालून होड्या अडतील असं कोणी करू नये. मामा थांबलेच. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांनी मासळी उपसणाऱ्यांशी जो झगडा चालू आहे आणि ज्यावर सरकारने 2016 साली निर्बंध आणले, तो त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. "म्हणजे तेव्हाही होताच," एवढंच ते म्हणाले आणि मग हॉटेलपर्यंत मच्छीमार सोसायटीच्या राजकारणावर बोलत राहिले.

मंगळवार : गिनोसार, मग्दला

गिनोसार किबुत्झमधली (किबुत्झ म्हणजे सामुदायिक वसाहत) जुनी होडी बघायला गर्दी असते. 1986 च्या जानेवारीत दुष्काळाने सरोवराचं पाणी मागे हटलं होतं. तेव्हा किबुत्झमधल्या मोशे आणि युवाल लुफान या भावांना चिखलात लाकडाची एक वाकडी रेघ दिसली. पाणी पुन्हा चढायच्या आत पुरातत्त्वज्ञ शेली वॉक्समन यांच्या देखरेखीखाली रात्रंदिवस काम करून होडी मोकळी केली. ओलं लाकूड हवेत वाळलं असतं तर भुगा झाला असता. ओर्ना कोहेन यांनी होडीभोवती पॉलियुरेथेनचा फेस थापला आणि ते सगळं बोचकं पाण्यावर तरंगवत किबुत्झजवळ आणलं. त्यानंतर कितीतरी वर्षं होडी रसायनाच्या कुंडात होती. लोकांसाठी ती 2000 साली मांडली गेली.

लांबी 8 मीटरच्या थोडी वर, रुंदी 2.3 मीटर. काळ इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे. फळ्या मुख्यतः देवदाराच्या, आतले वाकण, म्हणजे होडीच्या फासळ्या, ओकचे, फळीला फळी खाच आणि जिभेने जोडलेली. इथवर सगळं पाटीवर आहे. मला थांबायला लावलं ते बारा जातींच्या लाकडांच्या यादीने : कॅरोब, विलो, बोर, पाइन, जे मिळालं ते. काही तुकडे आधीच्या दुसऱ्या होडीतले आहेत. शेवटी होडी दुरुस्तीपलीकडे गेली तेव्हा कामाचे भाग काढून घेतले आणि उरलेला सांगाडा पाण्यात लोटून दिला. तिथेच जवळ एक दिवा आणि एक स्वयंपाकाचं मडकंही सापडलं.

यात्रेकरू मंडळी काचेच्या कठड्याशी हात जोडून उभी होती. गाइडने स्पष्ट सांगितलं की ही पेत्राची होडी आहे असं कोणी म्हणत नाही, फक्त त्याच काळातली आहे. तरी हात जोडलेलेच. मामा दुसऱ्या बाजूला जाऊन कण्याकडे बघत होते. "मालक गरीब होता, पण सुतार चांगला होता," असा त्यांचा निवाडा. चार वल्हेकरी आणि एक सुकाणूवर, म्हणजे पाच जणांची होडी. याकोब आणि योहान या शिष्यांचा बाप जब्दी आपल्या पोरांबरोबर पगारी माणसंही ठेवायचा असं मार्क सांगतो. एवढ्या होडीला पाच जण लागतात हे बघितलं की ती पगारी माणसं कशाला हवीत ते समजतं.

मग्दला तिथून दक्षिणेला, जवळच. हॉटेल बांधायला पाया खणला आणि 2009 साली पहिल्या शतकातलं सभास्थान निघालं. मध्ये कोरीव दगड, त्यावर सात फांद्यांचा दीपवृक्ष. पण मग्दलाची खरी ओळख खारवलेल्या माशांची. ग्रीक लोक या गावाला तारिखेआय म्हणत, आणि ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहून गेला आहे की इथल्या सरोवरात खारवायला उत्तम मासे मिळतात. ताजा मासा दिवसभराचा सोबती. यरुशलेमपर्यंत जायचा तर मिठात घातलेलाच. म्हणजे पेत्र-आंद्रेयाच्या मागे आख्खा धंदा होता : सूत कातणारे, जाळी विणणारे, मीठ आणणारे, खारवणाऱ्या बाया, जकात घेणारे. कफर्णहूमच्या जकात नाक्यावर बसलेला मत्तय या सगळ्यांना रोज दिसत असणार, आणि फारसा आवडत नसणार.

मग्दलाच्या काठावर मात्र मला दुसरीच गोष्ट आठवत होती. योसेफस या ज्यू सेनापतीने, जो पुढे इतिहासकार झाला, तिबेरियासला धाक दाखवायला इथून 230 होड्या जमवल्या होत्या, प्रत्येकीत चारपेक्षा जास्त खलाशी नाहीत. तो डाव रक्त न सांडता पार पडला. पण 67 साली रोमन सेनापती वेस्पाशियनचं सैन्य आलं आणि पळालेली माणसं होड्यांतून सरोवरात शिरली. रोमनांनी तराफे बांधले आणि त्यांना घेरलं. पाण्यात पडून जे वर आले त्यांना बाणांनी टिपलं. कोणी बुडताना तराफ्याला धरायला गेलं तर हात तोडले. ही कत्तल योसेफस तपशिलाने लिहितो. ते वाचताना मासेमारीचंच वर्णन चाललंय असं वाटत राहतं : घेर घालणं, आवळणं, वर येईल तो टिपणं. हा विचार गुरुवारपर्यंत माझ्या डोक्यात राहिला.

बुधवार : कफर्णहूम, ताबघा

सकाळी कफर्णहूम. काळ्या बेसाल्ट दगडाची घरं, एकाला एक चिकटून, मध्ये सामायिक अंगणं. पेत्राचं घर म्हणून दाखवतात त्यावर पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चच्या भिंती आहेत आणि त्याच्याही वर 1990 साली उभारलेलं नवं चर्च खांबांवर तोललेलं आहे. जमिनीच्या थरांत उत्खनन करणाऱ्यांना माशांचे गळ सापडले. त्या गळांनी घर पेत्राचंच ठरत नाही, या गावात कोणाच्याही घरात गळ निघणारच. मग्दलाच्या एका घरातल्या जमिनीवरचं होडीचं पुरातन चित्रही इथे ठेवलेलं आहे : शीड, वल्ही, सुकाणू.

गळाची शुभवर्तमानांत एकच गोष्ट आहे आणि ती याच गावातली. मंदिराचा कर मागायला माणसं येतात. येशू पेत्राला म्हणतो, समुद्रावर जा, गळ टाक, पहिला मासा येईल त्याच्या तोंडात नाणं असेल, ते दोघांचं म्हणून दे. काठावरची हॉटेलं ज्याला 'सेंट पीटर्स फिश' म्हणून तळून वाढतात तो मुश्त, म्हणजे तिलापियाच्या घराण्यातला मासा. मेंडेल नून या एन-गेव किबुत्झमधल्या कोळ्याने या सरोवराच्या जुन्या मासेमारीवर आयुष्य वेचलं. त्याने हरकत घेतली की मुश्त पाण्यातला बारीक जीव खाऊन जगतो, तो आमिषाला सहसा तोंड लावत नाही. गळाला लागणारा मासा बिनी, मिशीवाला. पण बिनीला काटे फार, ताटात मुश्त चांगला दिसतो, म्हणून हॉटेलवाल्यांनी संताचं नाव त्याला दिलं. आता ताटातला मुश्तही बहुतेक तळ्यात वाढवलेला असतो. मामांनी दुपारी तो मागवला, खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले.

ताबघा तिथून दोन-तीन किलोमीटर. इथे झऱ्यांचं कोमट पाणी सरोवरात उतरतं आणि थंडीत मुश्तचे थवे त्या उबेला येतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, म्हणजे ऐन हंगामात. पाच भाकरी आणि दोन माशांच्या चर्चमधला फरशीवरचा मोझाइक सगळ्यांनी मोबाइलमध्ये घेतला. आम्ही दोघे खाली काठावर, पेत्राच्या काळ्या दगडी चर्चपाशी जाऊन बसलो. गाइडने आम्हाला तासभर मोकळं सोडलं होतं. यात्रेतला सगळ्यात चांगला तास हाच.

मी मोबाइलवर उतारे वाचत गेलो आणि मामा प्रत्येक ठिकाणी जाळं ओळखत गेले.

मार्कचा पहिला अध्याय. सीमोन, म्हणजेच पेत्र, आणि त्याचा भाऊ आंद्रेया समुद्रात जाळं टाकत होते, येशू काठावरून चालला होता, त्याने हाक मारली. "पाग," मामा म्हणाले. दुसरं काय असणार? काठावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या जवळ, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फेकायचं गोल जाळं. इथला जुना पाग सहा ते आठ मीटर व्यासाचा, कडेला शिशाचे मणी. हवेत उघडतो, पाण्यावर सपाट पडतो, कडा झपकन तळाला जाते. कोकणातल्या पागाला मधली दोरी ओढली की घोळ आवळतो. नून सांगतो त्याप्रमाणे इथला कोळी स्वतः बुडी मारून खाली जायचा आणि कडा गोळा करायचा. योहानच्या शेवटच्या अध्यायात पेत्र उघडाच असतो आणि प्रभू आहे कळल्यावर अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी घेतो, त्यावर चर्चमध्ये कितीतरी प्रवचनं झाली. मामांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. बुड्या मारणारा माणूस कपडे घालून कशाला बसेल?

त्याच उताऱ्यात थोडं पुढे याकोब आणि योहान होडीत बसून जाळी तुणताहेत. त्यांच्याकडे होडी आहे, बाप आहे, माणसं आहेत. सीमोन-आंद्रेया मात्र त्या घडीला पाण्यात पागावर. पागाला होडी लागत नाही, मजूर लागत नाही. एक जाळं आणि एक मजबूत खांदा पुरतो.

लूकचा पाचवा अध्याय. रात्रभर राबलो, काही मिळालं नाही, आणि आता सकाळी ते जाळी धूत आहेत. इथे मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे पागाचं काम नाही. रात्री लावायचं, खोल पाण्यात, सकाळी धुवायचं." नूनचंही म्हणणं तेच : तिपदरी जाळं. बाहेरच्या दोन पदरांचे डोळे मोठे, मधला पदर बारीक डोळ्यांचा आणि सैल. मासा पहिल्या पदरातून आत शिरतो, मधल्याला ढकलत तिसऱ्याच्या डोळ्यातून बाहेर काढतो आणि स्वतःच केलेल्या पिशवीत अडकतो. सुताचं जाळं दिवसाउजेडी माशाला दिसतं, म्हणून हे रात्रीचं काम. पहाटेला पदरांत शेवाळ, काड्या, चिखल बसलेला असतो. तेव्हा धुऊन, पिळून, वाळवून झाल्यावरच घरी जायचं.

आता पुन्हा वाचा. रात्र फुकट गेली आहे. जाळी धुऊन होत आली आहेत, अंग मोडून आलंय. आणि एक सुतार सांगतो, खोल पाण्यात चला, जाळी टाका. भर दिवसा, जेव्हा मासा हे जाळं बघून वळसा घालतो. शिवाय धुतलेली जाळी पुन्हा घाण होणार, म्हणजे सगळं धुणं परत करायचं. लहानपणी मला ही विश्वासाची गोष्ट वाटायची, पेत्र आज्ञाधारक म्हणून. मामांच्या शेजारी बसून ऐकताना पेत्राच्या "तुम्ही म्हणता म्हणून टाकतो" या वाक्यात मला पहिल्यांदा कंटाळा आणि थोडा राग ऐकू आला. जाळी फाटू लागली, दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खुणावून बोलवावं लागलं, दोन्ही होड्या बुडायला आल्या. पेत्र पाया पडतो ते त्यानंतर. आधी नाही.

मत्तयाचा तेरावा अध्याय. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे, त्यात सर्व प्रकारचे मासे येतात, भरल्यावर ते काठावर ओढतात, बसून चांगले भांड्यांत गोळा करतात, वाईट फेकून देतात. "रापण," मामा आणि मी एकदमच म्हणालो. अडीचशे-तीनशे मीटर लांब, वर बोये, खाली वजनं. होडीने अर्धवर्तुळ घालायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी काठावर ओढायचं. रापण निवड करत नाही. जे वाटेत येईल ते सगळं येतं. निवड नंतर, काठावर, बसून. इथल्या माणसाला वाईट म्हणजे कोणता मासा हे सांगावं लागत नव्हतं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे पर आणि खवलं दोन्ही असलेला मासा खायचा. या सरोवरात मांगूरच्या जातीचा मोठा, बिनखवल्यांचा मासा आहे, आणि रापणीत तो हमखास येत असणार. वजनाने भरपूर, ज्यू बाजारात किंमत शून्य. न्यायाच्या दिवसाचं चित्र हवं होतं तर पागाने किंवा गळाने ते निघालं नसतं. रापणच हवी, आणि रापणीनंतरची ती कंटाळवाणी बैठक.

शेवटी 153. योहान सांगतो की जाळं काठावर ओढलं तेव्हा त्यात 153 मोठे मासे होते. या आकड्यावर पंडितांनी शतकानुशतकं डोकी खाजवली. 1 ते 17 सगळे आकडे मिळवले की 153 होतात, असं संत ऑगस्टिनने दाखवलं आणि त्यातून गूढ अर्थ काढले. मामांचा अर्थ सरळ : होडीत सात माणसं होती ना, मग मोजल्याशिवाय वाटणी कशी होणार? मला ऑगस्टिनपेक्षा मामा पटले.

गुरुवार : बेथसैदा, एन-गेव

पेत्र, आंद्रेया आणि फिलिप्प यांचं गाव बेथसैदा. ते नेमकं कोणतं यावर दोन गट आहेत. एत-तेल टेकडीवर रामी अराव 1987 पासून खणत आले. तिथे शिशाची आणि दगडाची जाळ्याची वजनं, गळ, सुया असं घरगुती मासेमारीचं सामान निघालं. अडचण एवढीच की टेकडी आजच्या काठापासून दीड-दोन किलोमीटर आत आहे. एल-अराज काठाशी आहे, तिथे मोर्देखाय अविआम आणि स्टीवन नॉटली यांना रोमन काळातली वस्ती, तिथलीही जाळ्याची वजनं आणि वर बिझंटाइन चर्च मिळालं. मामांचा कौल एल-अराजला. रोज दोन किलोमीटर ओलं जाळं खांद्यावर वाहून नेणारा कोळी त्यांनी बघितलेला नाही.

पूर्व काठावरच्या एन-गेवमध्ये नूनने जमवलेले दगडी नांगर आणि वजनं आहेत. हे मला सगळ्यात आवडलं, कारण यात दाखवण्यासारखं काहीच नाही. भोक पाडलेला बेसाल्टचा धोंडा, तो होडीचा नांगर. मुठीएवढा भोकाचा दगड, तो जाळ्याचं वजन. दुष्काळात पाणी उतरलं की नून काठाने चालत जुन्या बंदरांच्या दगडी भिंती शोधायचा. सरोवराभोवतीची बंदरं त्याने एकेक करून नोंदवली. इतिहासाची पदवी असलेल्या माणसाला ते दगड दगडच दिसले असते. त्याला दिसले कारण तो स्वतः जाळं ओढत होता.

रात्री हॉटेलात मी जुना करार काढला. मग्दलापासून जे मनात होतं ते तिथे होतंच. येशूच्या आधी सहा-सातशे वर्षं संदेष्टे हीच अवजारं हातात घेतात, पण त्यांचे कोळी सगळे शत्रू आहेत. आमोस शोमरोनच्या धनाढ्य बायकांना सांगतो की तुम्हाला आकड्यांनी आणि मासे धरायच्या गळांनी ओढून नेतील. हे नुसतं बोलणं नव्हतं. अश्शूरी राजा एसरहद्दोनचा शिलास्तंभ बर्लिनला आहे, त्यावर राजाच्या हातात दोऱ्या आहेत आणि दोऱ्यांची दुसरी टोकं बंदिवानांच्या ओठांतून ओवलेली. यिर्मयाच्या पुस्तकात देव म्हणतो, मी पुष्कळ कोळी पाठवीन, ते यांना धरतील. यहेज्केल मिसरच्या फारोला नाईल नदीतला मोठा मगर-मासा ठरवून त्याच्या जबड्यात आकडे अडकवतो. ईयोबाला देव विचारतो, लिव्याथानाला, त्या समुद्री राक्षसाला, गळाने वर काढशील का? त्याची कातडी भाल्यांनी भरशील का?

सगळ्यात भेदक हबक्कूक. तो देवालाच जाब विचारतो : तू माणसांना समुद्रातल्या माशांसारखं का केलंस, ज्यांना धनी नाही? खास्दी, म्हणजे बाबेलचा राजा येतो, गळाने सगळ्यांना वर काढतो, जाळ्यात ओढतो, रापणीत गोळा करतो, आणि खुशीत येऊन आपल्या जाळ्यालाच यज्ञ करतो, रापणीपुढे धूप जाळतो, कारण त्याचं ताट त्या जाळ्यानेच भरलं. असाच तो जाळं रिकामं करत आणि राष्ट्रं मारत राहणार का?

हे वाचून मी मामांना उठवलं. ते झोपेतच होते. "जाळ्याची पूजा तर आपणही करतो," म्हणाले. खरंच आहे, होडीला, जाळ्याला नारळ आपल्याकडेही लागतो, आमच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात फादर येऊन बोटींना आशीर्वाद देतात. पण हबक्कूकचा खास्दी कोळी नाही, तो सम्राट आहे. आणि मग 'मी तुम्हाला माणसं धरणारे करीन' हे येशूचं वाक्य पेत्र, आंद्रेया, याकोब आणि योहान या चौघांच्या कानावर पडलं तेव्हा त्यांना आधी काय आठवलं असेल, हे मला ठरवता येईना. त्यांनी सभास्थानात यिर्मया ऐकला असणार. माणसं धरणारे कोळी म्हणजे ओठांत दोरी घालून नेणारे. तरीही ते जाळी तिथेच सोडून त्याच्या मागे गेले. चर्चमधल्या गोड चित्रांत ही धार कुठेच नाही. तीस-चाळीस वर्षांनी त्याच सरोवरात रोमन तराफ्यांनी ती खरी करून दाखवली.

शुक्रवार : तिबेरियासचा बाजार, यार्देनचं खोरं

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत यरुशलेमला पोचायचं म्हणून घाई. निघण्याआधी बाजारात फेरी मारली. मासळीच्या टेबलापाशी आमचं मराठी ऐकून एक म्हातारी बाई वळल्या. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं, तरुणपणी इथे आलेल्या. बोलीत अजून अष्टागरचा हेल. मासा घेताना त्यांनी बोटाने खवलं उलटी करून बघितली आणि मगच पिशवीत टाकला. लेवीयचा नियम असा कामात वापरलेला मी पहिल्यांदा बघत होतो. मामांनी त्यांना कोळंबीबद्दल विचारलं. "लग्न होऊन आले तेव्हाही नाही, आताही नाही," बाई हसून म्हणाल्या, "पण वास आठवतो हो." मग त्यांना बस होती.

शनिवार : यरुशलेम

यरुशलेमच्या मासळी दरवाजाचा उल्लेख बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात आहे. तट पुन्हा बांधला तेव्हा तो कोणी बांधला त्यांची नावंसुद्धा. त्याच पुस्तकाच्या शेवटी सोर या किनाऱ्यावरच्या बंदराचे लोक शहरात राहून शब्बाथाच्या दिवशी मासे विकतात आणि नहेम्या चिडून दरवाजे बंद करायला लावतो. आम्ही शब्बाथाच्या दिवशीच तिथे होतो, ज्यू मोहल्ल्यातली दुकानं बंद होती, त्यामुळे ते प्रकरण पटकन समजलं.

खवल्यांच्या नियमाबद्दल एक गोष्ट इथे सांगतो. योनातान अॅडलर आणि ओम्री लेर्नाऊ यांनी जुन्या वस्त्यांतल्या माशांच्या हाडांचा अभ्यास 2021 साली छापला. यहूदाच्या राजांच्या काळात बिनखवल्यांचे मासे सर्रास खाल्ले जात होते असं हाडं सांगतात, आणि रोमन काळात ती हाडं फारच कमी होतात. म्हणजे काठावर बसून वाईट मासे फेकण्याची शिस्त येशूच्या काळात रुजलेली होती, संदेष्ट्यांच्या काळात तितकी नव्हती. आमच्या जथ्यातल्या एका बाईंना हे ऐकून धक्का बसला. मामांना नाही. मांगूरला चव असते असं त्यांचं म्हणणं.

रविवार : मृत समुद्र, एन-गेदी

पहाटेचा मिस्सा आटोपून खाली उतरलो. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपेक्षा 430 मीटरहून खाली, आणि पाणी दरवर्षी मीटरभर आणखी उतरतंय. जमीन खचून पडलेले खड्डे रस्त्यावरूनही दिसतात. पाण्यात तिसरा हिस्सा क्षार. मासा नाही, शेवाळ नाही. मंडळी तरंगायला उतरली, मामा काठावर चप्पल घालूनच उभे राहिले.

मी यहेज्केलचा सत्तेचाळिसावा अध्याय काढला. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, वाढत वाढत नदी होते आणि याच समुद्रात येऊन त्याला गोड करते. मग एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी उभे राहतील, ही जाळी पसरायची जागा होईल, मासे महासमुद्रातल्यासारखे नाना जातीचे. याच संदेष्ट्याने आधी सोर शहराला शाप दिला होता की तू उघडा खडक होशील, तुझ्यावर लोक जाळी वाळवतील. तिथे वाळत घातलेलं जाळं म्हणजे शहर मेल्याची खूण. इथे तेच जाळं मेलेलं पाणी जगल्याची. दोन्ही वेळा जाळं वापरात नाही, उन्हात पडलेलं आहे. बेथ-शानला सुताबद्दल विचारणाऱ्या मामांना यात नवल नव्हतं : जिथे जाळी वाळतात तिथे कोळीवाडा असतो.

"पुढचं वाच," ते म्हणाले.

पुढच्या ओळीत संदेष्टा म्हणतो की त्याची डबकी आणि पाणथळ जागा मात्र गोड होणार नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या आहेत.

मामा खूश झाले. या माणसाने कधीतरी मासळीचा धंदा जवळून बघितलाय, असं त्यांचं मत पडलं. सगळं पाणी गोड झालं, मासे उदंड झाले, आणि मीठच संपलं तर एवढी मासळी यरुशलेमपर्यंत न्यायची कशी?